आता यायला हरकत नाही

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. माझी मोठी आत्या कौशल्या खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलं.

साल १९४१. मे महिना. नागपूरचा सदर भाग.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. लोक वाळ्याचे पडदे भिजवून, दारं लावून पडलेले असतात. आत्याचे यजमान गणपतराव कापडाचे व्यापारी. खाली दुकान, वर घर. दुकानातला माणूस लग्नासाठी गावी गेलेला. घरात दोघंच. दिवाणाजवळ तिपाईवर टेलिफोन. तेव्हा तो फार थोड्या घरांत असायचा, त्यामुळे गणपतरावांना त्याचा भारी तोरा.

जेवण झालं आणि गणपतराव छातीला हात लावून दिवाणावर बसले.

"कसंतरी होऊन राहिलं वं..."

आत्याला वाटलं, ऊन लागलं. आमच्याकडे मे महिन्यात कोणाला काहीही झालं तरी ऊनच लागलेलं असतं. तिनं पन्हं पाजलं. तळपायांना कांदा चोळायला घेतला.

चोळता चोळता तिचा हात थांबला...

पाय गार होते.

तिनं फोन उचलला. एक्स्चेंजवाल्याला डॉक्टर केशवरावांचा नंबर सांगितला.

"डॉक्टरसाहेब, ह्यायले ऊन लागलं जी. लय घाम सुटून राहिला."

"अंग तापलंय का?"

"नाही जी. गार आहे. सदरा ओलाचिंब झाला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दुखतंय कुठे?"

"छातीवर दगड ठेवल्यावानी होते म्हणतात. डावा हात उचलता नाही येऊन राहिला."

"वहिनी, हे ऊन नाही. हे हार्टचं आहे. त्यांना चालवू नका, जिना उतरवू नका. मी निघतोच. फक्त एकदा फोन त्यांच्या तोंडाशी धरा. श्वास कसा चाललाय ऐकू द्या मला."

आत्यानं फोन धरला. गणपतरावांचे दात घट्ट आवळलेले होते. शब्द तर सोडाच, कण्हणंही निघत नव्हतं.

तिनं फोन परत कानाला लावला...

डॉक्टर हसत होते.

"केवढं घाबरवलंत वहिनी! चांगले ठणठणीत बोलले की. ऊनच आहे म्हणाले. येऊ नका म्हणाले."

"कोण बोललं?"

"गणपतराव. आणखी कोण?"

आणि त्यांनी फोन ठेवला.

आत्या गॅलरीत धावली. "कोणी या गा! कोणी तरी या!" समोरच्या घरांचे पडदे जागचे हलले नाहीत. खाली टांगा नाही, माणूस नाही. नवऱ्याला टाकून जावं तरी कसं? ती परत आत आली. पुन्हा फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, पाया पडते तुमच्या, हे बोललेच नाहीत! ह्यायच्यानं बोलणंच होऊन नाही राहिलं!"

"वहिनी, आत्ता तुमच्या आधी त्यांचाच फोन येऊन गेला. म्हणाले, कौशल्या घाबरट आहे, तिचं मनावर घेऊ नका."

आत्या त्या 'कौशल्या'पाशीच अडकली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गणपतरावांनी तिचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. तेव्हाचे नवरे बायकोचं नाव घेत नसत. 'ऐकून राहिली का' एवढीच हाक.

गणपतरावांनी तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. डोळे तिच्यावरच. त्या डोळ्यांत नुसती विनवणी होती. ती ढसाढसा रडायला लागली.

"तुमी एकडाव तरी बोला ना जी! एक शब्द!"

ओठ थरथरले. आवाज आला नाही.

तिनं तिसऱ्यांदा फोन उचलला. नंबर सांगायला तोंड उघडलं...

फोनवर आधीच कोणीतरी बोलत होतं.

"नाही डॉक्टर, खरंच नको. पन्हं घेतलं. आता झोपतो."

आवाज गणपतरावांचा. तोच खर्ज, बोलता बोलता खाकरायची तीच सवय. आणि गणपतराव तिच्यासमोर, मिटल्या तोंडानं, तिचा पदर धरून पडलेले.

"खोटं आहे हे!" आत्या किंचाळली. "डॉक्टरसाहेब, या! मी कौशल्या बोलून राहिली!"

डॉक्टरांना तिचं काहीच ऐकू गेलं नाही. "बरं, आराम करा," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मग तो दुसरा आवाज, अगदी तिच्या कानाशी, हळूच खाकरला...

फोन तिच्या हातातून सुटला. तिपाईवरून खाली लोंबकळत राहिला.

पदर ओढला जायचा थांबला. तिनं वळून पाहिलं. मूठ उघडी पडली होती.

ती तशीच बसून राहिली. किती वेळ, तिला सांगता यायचं नाही. मग खाली टांगा थांबला. जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर केशवराव बॅग घेऊन आत आले आणि दिवाणाकडे पाहून उंबऱ्यातच थिजले.

"तुमाले... कोणं बोलावलं?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरांनी लोंबकळणाऱ्या फोनकडे पाहिलं.

"यांचाच फोन आला, वहिनी. अर्ध्या तासापूर्वी. म्हणाले... आता यायला हरकत नाही."

आत्यानं तो फोन त्याच आठवड्यात काढून टाकला. गेल्या महिन्यात माझ्या छातीत कळ आली, मुलानं अॅम्ब्युलन्ससाठी मोबाईल हातात घेतला. मी तो हिसकावून घेतला आणि गाडी काढायला लावली. दवाखान्यात गॅसेस निघाले. मुलगा अजून चिडवतो. चिडवू दे.