चेन कोणी घासली?

"चेन आपोआप तेज झालेली दिसली का, ही मशीन झाडावर जाऊ देऊ नोको वं पोरी. कोणाच्याच हाती देऊ नोको."

सुभद्राबाई हे बोलल्या तेव्हा मी नुसती मान हलवली होती. माझं अर्धं लक्ष कडेवरच्या गोलूकडे होतं. दहा महिन्यांचं पोर, दात येत होते, सलग चार रात्री मी जागी होते. मला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

मी हे रचून लिहीत नाहीये. रचायला जी ताकद लागते ती माझ्यात उरलेलीच नाही.

मी हर्षा. नागपूरला कोराडी रोडवर राहते, बी.कॉम. झालेय. आणि हे रात्री-बेरात्रीचं नाही. मे महिन्यातल्या भर दुपारचं आहे.

आजचं तर अजून संपलेलंही नाही.

माझा नवरा अमोल झाडं कापायची कामं घेतो. पावसाळ्याआधी घरांवर आलेल्या फांद्या उतरवायच्या, वाळलेली झाडं पाडायची. उरलेल्या बुंध्यांतून घुबड, मोर असं काही कोरतो. त्याच्याकडे मोठी चेन-सॉ होती. पण दोरावर लटकून ती चालवायची म्हणजे खांदे भरून येतात. झाडावर न्यायला हलकी, वरून मूठ असलेली मशीन हवी होती.

तशी कोराडीला सुभद्राबाईंकडे मिळाली. त्यांचे यजमान कवडूभाऊ हेच काम करायचे. मागच्या वर्षी एकटेच झाडावर चढले होते... पडले. संध्याकाळपर्यंत कोणाला कळलंच नाही.

"त्या सकाळी यायनं कानस हातात घेतली नव्हती," सुभद्राबाई म्हणाल्या. "म्या माझ्या डोयानं पाह्यलं. तरी चेन नवीसारखी तेज. हासत हासत मलेच दाखवून गेले."

वाटेत मी अमोलला सांगितलं.

"दुःखात माणूस काहीबी बोलते वं," तो म्हणाला. मलाही तेच बरं वाटलं.

चेनच्या एकेका दाताला गोल कानशीने धार लावावी लागते. चेन बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो, तेज असली की जाड ढलप्या. अमोल एका दाताला दोन हात मारतो. खर्र, खर्र. मग पुढचा दात. तीन वर्षं ऐकतेय. झोपेतसुद्धा ओळखेन.

त्या मंगळवारी दुपारी सव्वाएकला गोलूला झोपवून मी कूलरसमोर पडले होते. लाईट गेली. कूलर थांबला. गल्लीत चिटपाखरू नाही.

आणि मागच्या वऱ्हांड्यातून...

खर्र. खर्र. खर्र.

मग शांतता.

खर्र. खर्र. खर्र.

वाटलं, अमोल लवकर आला. "जेवायला वाढू काय?" मी पडल्या पडल्याच विचारलं.

पुन्हा तेच. खर्र. खर्र. खर्र.

मग लक्षात आलं... तीन. अमोल दोन मारतो.

मी शेजारी हात फिरवला. गोलू नव्हता.

कशी धावले ते माहीत नाही. तो रांगत वऱ्हांड्यात जाऊन मशीनसमोर बसला होता. रडत नव्हता. मशीनकडे बघतही नव्हता. तिच्या मागे अमोलचं रिकामं स्टूल होतं, त्याच्याकडे मान वर करून बघत होता.

त्याचे तळवे उघडले... राखाडी, चकाकणारी पूड. लोखंडाची.

कानस वरच्या फळीवर होती, रोजच्या जागी. मी हात लावला. गरम होती. मे महिन्यात नागपुरात सगळंच गरम असतं, मी स्वतःला समजावलं. पोराचे हात तीनदा साबणाने धुतले.

संध्याकाळी अमोलने चेनवर बोट फिरवलं. "तू घासली काय वं?"

मी सगळं सांगितलं.

"झोप नाही तुले, म्हणून होऊन राहिलं हे. जरा पड तू."

दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन गेला आणि दुपारीच परत आला. हेल्मेटला कपाळावर उभी चीर. मशीन फांदीत अडकून उलटी त्याच्या तोंडावर उसळली होती. चेनचा ब्रेक वेळेवर बसला म्हणून माझा नवरा आज आहे.

त्याने मशीन गोणीत घालून बांधली. फक्त म्हणाला, "कोणाले सांगू नको. लोकं कामं देणार नाहीत."

मी कोणालाच सांगितलं नाही.

काल दुपारी लाईट गेली... आणि आवाज त्या बांधलेल्या गोणीतून आला.

आज सकाळी अमोलने गाठ सोडून पाहिलं. चेनचा एकेक दात चमकत होता. त्याचा चेहरा उतरला. "ही काढायची नाही आता," म्हणाला, आणि दुसरी मशीन बघायला इतवारी बाजारात गेला. गोणी तशीच उघडी राहिली.

दहाच्या सुमारास प्रेमानंद आला. अमोलचा जोडीदार, झाडावर चढण्यात पटाईत. एकटाच राहतो, अर्धं जेवण आमच्याकडेच असतं.

"वहिनी, माही मशीन चालूच नाही होऊन राहिली. छोटीवाली द्या ना. प्रताप नगरचं काम हाये, फांदी त्यायच्या गेटवर आली."

गोलूचं अंग तापलं होतं, तो सकाळपासून खांद्यावरून उतरत नव्हता. मला अमोलला फोन करता आला असता. पण मनात काय आलं ते खरं सांगते... जाऊ दे ही वस्तू घरातून. एक दिवस तरी जाऊ दे.

त्याने गोणीतून मशीन काढली, उन्हात धरली.

"वा! चेन तर एकदम तेज हाये. भाऊनं घासली वाटते?"

"हो," मी म्हटलं.

"मंग तर एक वाजेपर्यंत येतो. चाय तयार ठेवा, मागच्यासारखी फिक्की नको."

सव्वाएकला लाईट गेली. प्रेमानंद अजून आला नव्हता. मी कान देऊन बसले.

आज वऱ्हांड्यातून काहीच आवाज आला नाही.

तेव्हा मला खरी भीती वाटली. मी प्रेमानंदला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चौथ्यांदा उचलला गेला.

"भाऊजी?"

माणसाचा आवाज नाही. मशीनचाही नाही. नुसतं वारं... आणि अगदी जवळून...

खर्र. खर्र. खर्र.

फोन कटला. आता लागतच नाहीये.

अमोलला सगळं सांगितलं. तो इतवारीतून तसाच निघाला. आता गल्ली-गल्ली फिरतोय. घर कोणतं ते मी विचारलंच नव्हतं.

हे पेज नागपूरचे खूप जण वाचतात, म्हणून इथे लिहितेय. खरं-खोटं नंतर ठरवा. प्रताप नगरात राहत असाल आणि सकाळी तुमच्या आजूबाजूला झाड कापायचा आवाज येत होता, आता येत नसेल... तर तो जेवायला बसला असेल असं समजू नका. निळा शर्ट, पिवळं हेल्मेट. प्रेमानंद नाव आहे.

ऊन खूप आहे, माहीत आहे मला. तरी बाहेर या. त्याला नावाने हाक मारा. आणि एकदा वर, झाडात बघा.