साडेचार बोटं

त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. बॅगेत कात्री, टाचण्या, कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन घरोघर फिरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? फक्त यांचे रोगी म्हणजे पोपडे निघालेली दारं आणि सनमायका उडालेली कपाटं. नवीन फर्निचर ज्यांच्या खिशाला झेपत नसे, त्यांच्या घरी डॉक्टर जात आणि जुन्या प्लायवर विनाइलची फिल्म चढवून एका दिवसात खोलीचं रूप पालटून टाकत. कुणाला सागवान हवं, कुणाला संगमरवर. सगळं एकाच गुंडाळीतून निघायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं ते स्वतःच म्हणत आणि स्वतःच हसत.

घरी मात्र हसायला दुसरं कुणी नव्हतं. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. शेवटचे सहा महिने ती पलंगावर होती, आणि पलंगाला लागूनच त्यांचं स्वतःचं कपाट, जागोजागी पापुद्रे निघालेलं. "अहो, जगाची कपाटं सजवता, आपल्या याला कधी लावणार?" ती विचारायची. "उद्या," डॉक्टर म्हणायचे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! ती गेल्यावर पंधराव्या दिवशी त्यांनी ते कपाट तीनदा स्पिरिटने पुसलं आणि त्यावर पांढरी फिल्म चढवली. एक फुगा राहिला नाही, एक सुरकुती पडली नाही. बघायला तीच नव्हती.

तर त्या दिवशी काम होतं एका रिकाम्या घरात. घरातली बाई तीन महिन्यांपूर्वी वारली होती. लांबच्या शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीला घर भाड्याने द्यायचं होतं. "आईच्या खोलीतलं कपाट तेवढं नव्यासारखं करा काका, मी उद्या सकाळी येते," ती फोनवर म्हणाली होती. किल्ली शेजारच्या मावशींकडे होती.

खोलीत बामाचा वास कोंडला होता. खिडकी उघडली तरी तो जाईना. डॉक्टर सकाळपासून एकटेच खपत होते. आधी पुसायचं, मग चिकटवायचं, मग रबरी पट्टीने हवा बाहेर ढकलायची. पुसल्याशिवाय फिल्म लावायची नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. खाली एक केस राहिला तरी तो वर दिसतो.

चौथ्या, म्हणजे शेवटच्या दाराला स्पिरिट संपलं. दुपारचे चार वाजले होते. दुकान लांब, गुडघे बोलायला लागलेले. दार तर स्वच्छ दिसत होतं. "चालतंय," डॉक्टर म्हणाले आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी न पुसता फिल्म लावली.

कडा कापून झाल्या आणि खांद्याच्या उंचीला एक फुगा दिसला. त्यांनी पट्टी फिरवली. फुगा बसला आणि पुन्हा वर आला. मग त्याच्याशेजारी दुसरा आला, तिसरा आला. डॉक्टरांनी शर्टाच्या खिशाला खोचलेली टाचणी काढली आणि पहिल्या फुग्याला टोचली.

"स्स…"

हवा निघताना आवाज होत नाही. निदान असा होत नाही. हा आवाज स्वयंपाकघरात चटका बसलेल्या माणसाचा होता. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. पलंग, उशी, भिंत… कुणी नव्हतं. त्यांनी फिल्म अर्धी सोलली, खाली हात फिरवला. कोरडं, सपाट लाकूड. पुन्हा चिकटवली, तर पुन्हा तेच. आता ते फुगे नव्हते. चार लांबट उंचवटे आणि पाचवा अर्धा. खाली तळवा.

"झालं का हो?" मावशी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर घाईने कपाटाच्या आड येऊन उभे राहिले.

"होतच आलंय… मावशी, इथे राहायच्या त्या… कशा होत्या?"

"एकटी होती बिचारी." मावशींनी पलंगाकडे पाहिलं. "उठताना त्या शेवटच्या दाराला हात टेकायची. दुसरं टेकायला होतं कोण? मुलगी रविवारी फोन करायची, पण फोनला काय हात असतो? मी म्हणायचे, अगं काठी घे. तर म्हणायची, काठी कशाला, कपाट धरतंय की मला."

"आणि हात…"

"उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती तिची. लहानपणी दारात चेमटलेली. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मावशी कप ठेवून गेल्या. खोलीत ऊन उतरत चाललं होतं. खरं तर बॅग उचलून पळायला हवं होतं. पण डॉक्टरांना भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी वाटलं. आपण या बाईला टाचणी टोचली, याची लाज वाटली. त्यांनी आपला पंजा त्या पंजावर ठेवला. फिल्म कोमट होती. आतून दाब आला, उठताना आधार घेतल्यासारखा.

"सोबत नाही ना कुणाची?" ते हलकेच म्हणाले. "मलाही नाही."

किती वेळ ते तसे उभे राहिले, कोण जाणे. हात काढला तेव्हा दार सपाट होतं. आरशासारखं.

घरी आल्यावर डॉक्टर जेवले नाहीत. थेट आपल्या पांढऱ्या कपाटापुढे जाऊन उभे राहिले. बायकोही उठताना याच दाराला हात टेकायची. डाव्या बाजूला, कडीच्या थोडं वर. तिथे त्यांनी तळवा फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. गुळगुळीत. कुठे काही नाही. आणि त्यांना आठवलं. तीनदा पुसलं होतं आपण. त्या परक्या बाईचा हात राहिला, कारण आळस केला. हिचा राहिला नाही, कारण काम चोख केलं. आपल्याच हाताने आपण तिला पुसून टाकलं. मोठा माणूस, पण कपाटाला कपाळ लावून तो लहान मुलासारखा रडला.

"एकदा तरी ये गं… एकदाच."

सकाळी जाग आली ती उन्हाने. डोळे उघडले तर समोर, कडीच्या थोडं वर, पांढऱ्या फिल्मवर एक पंजा उठून आला होता.

"आलीस?" डॉक्टर धडपडत उठले. दोन वर्षांत इतका आनंद त्यांना झाला नव्हता. ते जवळ गेले. एक बोट, दोन, तीन, चार.

पाचवं अर्धं होतं.

खोलीत बामाचा वास होता. या घरात बाम कधी कुणी लावलाच नव्हता.

फोन वाजला. मुलगी होती. "काका, आईची खोली ओळखूच येत नाही हो! फारच छान केलंत."

"हं."

"फक्त शेवटच्या दारावर एक फुगा राहिलाय. मोठा आहे, पुरुषाच्या पंजाएवढा. तुम्हाला परत कशाला त्रास? मावशी म्हणतात, टाचणी टोचली की बसतो."

"नको… थांबा, टोचू नका…"

"अहो, टोचली पण!"

"स्स…" आवाज डॉक्टरांच्याच तोंडून निघाला. त्यांनी तळहात उघडून पाहिला. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा रक्ताचा थेंब होता.

"बसला बघा," मुलगी म्हणाली. "काका?… आहात ना?"

डॉक्टरांनी फोन ठेवला. खिशाची टाचणी काढली, खिडकीतून बाहेर टाकून दिली आणि पलंगाच्या कडेला बसले. कपाटावरचा पंजा तसाच होता.

"काल दुखलं का फार?" त्यांनी विचारलं.

पंजाच्या वीतभर वर, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, फिल्मचा आणखी एक गोल भाग हळूहळू पुढे येऊ लागला. आधी कपाळ, मग नाकाचा शेंडा.

डॉक्टर पलंगावर थोडे सरकले आणि त्यांनी शेजारी जागा करून दिली.