डाव्या बाजूचा माइक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि थापा मारायला लागते तेवढी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नाही.

गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. नदीकाठचं जुनं दगडी चर्च. वेळ दिवेलागणीची.

भाऊ साउंड रेकॉर्डिस्ट आहे. लहानपणी तो गायला लागला की घरातली माणसं एकेक करून उठून जायची. पण दुसरं कुणी जरासं बेसूर झालं की पहिलं यालाच कळायचं. म्हणून आम्ही त्याला 'कानसेन' म्हणतो.

त्याच्या बायकोला सगळे 'धाकटी' म्हणायचे, कारण तिला एक थोरली बहीण होती. ती सगळ्यांची ताई.

या दोघींच्या माहेरी प्रार्थना सिरियाक भाषेत गातात. फार जुनी भाषा. गाणारे दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात. एक कडवं उजव्या बाजूचं, पुढचं डाव्या बाजूचं. शेवटचं 'आमेन' मात्र दोन्ही बाजूंनी मिळून म्हणायचं. लहानपणापासून ताई उजवीकडे आणि धाकटी डावीकडे. त्यांच्या घरचा एक नियम होता... समोरच्या बाजूचं कडवं आपण म्हणायचं नाही. समोरचा येईपर्यंत थांबायचं.

त्या नोव्हेंबराच्या आधीचा हिवाळा सरता सरता धाकटी गेली. छातीचं दुखणं. शेवटचे दिवस नुसता दम लागायचा.

दफनाच्या दिवशी ताई उजव्या बाजूला उभी राहिली. पहिलं कडवं म्हटलं आणि थांबली.

डावी बाजू रिकामी होती.

त्यांची माणसं केव्हाच पांगली होती. उरलेल्या चार म्हाताऱ्यांना कडवी आठवत नव्हती. कानसेनला तर भाषाही येत नव्हती. ताई कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, मग गुपचूप खाली बसली. धाकटीचं गाणं अर्धं राहिलं ते राहिलंच.

आणि कानसेनचं दुःख वेगळंच. जगाचे आवाज टिपून ठेवणाऱ्या या माणसाकडे बायकोच्या आवाजाची एक ओळसुद्धा नव्हती. करू की कधीतरी, असं म्हणता म्हणता राहून गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फोनमधलं तिचं 'येताना दूध आण'सुद्धा त्याने मागेच पुसून टाकलं होतं. त्यावरून तो माझ्यासमोर ढसाढसा रडला आहे.

मग नोव्हेंबरात त्या दगडी चर्चमध्ये एक मैफल ठरली.

युरोपातलं मध्ययुगीन संगीत गाणारा एक छोटा गट होता. तीन बायका, आणि चाक फिरवून वाजवायचं एक वाद्य घेतलेला एक दाढीवाला. ते वाद्य तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून ठेवतं. गटाची प्रमुख हार्प वाजवायची. कानसेनकडून ऐकून तिने ताईला विचारलं, "तुम्ही तुमच्या बाजूची कडवी म्हणा, समोरची आम्ही आमच्या ढंगाने म्हणू. चालेल?"

ताई एका कारणासाठी हो म्हणाली.

कार्यक्रमाच्या दुपारी ती कानसेनला म्हणाली, "आज धाकटीचं गाणं पुरं होईल. मग ती जाईल बघ."

"ताई, ती गेलीच आहे," तो म्हणाला.

"नाही रे. अर्ध्यावरून कुणी जातं का?"

तो हसला. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तरीही मनात आलं... पुरं नाही झालं तर बरं.

मग तो माइक लावायला लागला. तिघींसाठी डावीकडे एक मोठा माइक. ताईसाठी उजवीकडे एक. हात आपलं काम करत होते, डोकं भलतीकडेच होतं.

हार्पवाली आली आणि थबकली. "हा दुसरा कुणासाठी? एवढा खाली?"

कानसेनने बघितलं.

डाव्या बाजूला, तिघींच्या माइकच्या पुढे, त्याने आणखी एक स्टँड उभा केला होता. त्याच्या खांद्याएवढ्या उंचीचा. धाकटी त्याच्या खांद्याला लागायची.

"चुकून लागला," तो म्हणाला. "काढतो."

वायर कुठे जोडली ते बघायला तो मागे साउंड मिक्सरवर गेला. हेडफोन चढवला. त्या माइकचा आवाज वर केला.

आणि...

कुणीतरी श्वास घेतला.

माइकजवळ कुणीच नव्हतं. तिघी बाहेर चहा पीत होत्या. ताई पहिल्या बाकावर डोळे मिटून बसली होती.

पुन्हा श्वास. आत ओढलेला, शेवटी शिट्टीसारखी एक बारीक किनार असलेला.

धाकटीच्या पुढच्या दोन दातांत फट होती. गाण्याआधी ती श्वास घ्यायची तेव्हा ही शिट्टी वाजायची. कानसेन त्यावरून तिला किती चिडवायचा. 'गाडी सुटली बघा' म्हणायचा.

त्याने माइक बंद केला. शांत.

पुन्हा उघडला.

...शिट्टी.

त्याने वायर बदलली. माइक मिक्सरच्या दुसऱ्या भोकात जोडला. श्वास तिथेही आला. खरं सांगायचं तर तो घाबरला नव्हता. कित्येक महिन्यांनी बायको घरात आल्यासारखं त्याला वाटलं. त्याने तो माइक काढला नाही. कुणाला काही सांगितलंही नाही.

संध्याकाळी चर्च भरलं. कानसेन शेवटच्या बाकांमागे मिक्सरवर. शेजारी चर्चचा रखवालदार, पाय दुखतात म्हणून स्टुलावर बसलेला.

दाढीवाल्याने चाक फिरवलं. सूर भरला. ताईने पहिलं कडवं उचललं. म्हातारी झाली तरी आवाज तसाच, सरळ आणि कोरडा, उगाच न रडणारा.

कडवं संपलं. आता डाव्या बाजूचं.

हेडफोनमध्ये आधी शिट्टी वाजली. मग तिघींनी गायला सुरुवात केली.

प्रत्येक कडव्याला तेच. ताई थांबायची... शिट्टी... मग तिघी. दर वेळी तो श्वास जरा जवळ यायचा.

शेवटचं कडवं डाव्या बाजूचं होतं. ताई थांबली. शिट्टी वाजली.

तिघींनी तोंडं उघडली... आणि तशीच ठेवली.

चर्चमध्ये फक्त चाकाचा सूर उरला. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं असेल. कुणी खोकलंही नाही.

पण कानसेनच्या कानात धाकटी गात होती.

सगळं कडवं. एकेक अक्षर. शब्दांचा अर्थ त्याला कळत नव्हता, आवाज कळत होता. स्वयंपाकघरात भांडी घासताना गुणगुणणारा, ताप आला की घोगरा होणारा आवाज. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला पुसायचंही भान नव्हतं.

कडवं संपलं. उरलं फक्त आमेन.

ताई समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत उभी होती. आमेन एकट्याने म्हणायचं नसतं. ती थांबली.

नको, कानसेन मनात म्हणाला. म्हणू नकोस. राहा अजून थोडी.

हेडफोनमध्ये श्वास आला. पण गाणं आलं नाही. पुन्हा श्वास... अर्धवट. पुन्हा... तुटका.

हा श्वास त्याने ऐकला होता. दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत. आत घेववत नव्हता, बाहेर सोडवत नव्हता.

तिला दम लागला होता. ती त्याच्यासाठी थांबली होती, आणि तिला थांबणं झेपत नव्हतं.

कानसेनने डोळे मिटले. "जा गं," तो पुटपुटला. "जा आता."

पुढचं त्याला नीट आठवत नाही. आमेन ऐकू आलं एवढं आठवतं. ताईचं... आणि आणखी कुणाचं तरी.

डोळे उघडले तेव्हा लोक उठून टाळ्या वाजवत होते. तो मिक्सरवरच होता. चर्च रिकामं झाल्यावर त्या माइकमधून काहीही येत नव्हतं. श्वास नाही, शिट्टी नाही. रिकाम्या खोलीत येतो तेवढाच आवाज.

सामान आवरताना हार्पवाली जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता.

"शेवटच्या कडव्याला आम्ही थांबलो त्याबद्दल माफ करा. कुणीतरी आमच्या आधीच सुरू केलंय असं वाटलं. तिघींनाही. पण आमेनला तुम्ही आलात ते फार बरं झालं."

"कुठे आलो?"

"इथे. आमच्या पुढे. त्या छोट्या माइकवर वाकून उभे होतात की."

"काहीतरीच काय," रखवालदार मधेच बोलला. "साहेब जागचे हलले नाहीत. मी शेजारीच होतो. मान खाली घालून बसले होते."

हार्पवाली आणि रखवालदार, दोघंही आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले.

घरी जाऊन कानसेनने रेकॉर्डिंग लावलं. ताई स्वच्छ होती. तिघी स्वच्छ होत्या. दर कडव्याआधीची शिट्टी... नव्हती. शेवटच्या कडव्याच्या जागी नुसता चाकाचा सूर.

त्याने कपाळाला हात लावला. पुन्हा हातात काही उरलं नव्हतं.

मग आमेन आलं. उजवीकडून ताईचं. आणि डावीकडून, त्या छोट्या माइकच्या अगदी तोंडाशी, एका पुरुषाचं. थोडं बेसूर.

स्वतःचा बेसूर आवाज माणूस कुठेही ओळखतो.

आणि त्या आमेनच्या शेपटाला... एक हसू. छोटंसं. तोंडावर हात ठेवून दाबलेलं. तो गायला लागला की धाकटी असंच हसायची.

तिच्या आवाजाचं जगात तेवढंच उरलं आहे. मी ते ऐकलं आहे. अंगावर काटा येतो आणि रडूही येतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ते ताईला ऐकवलं. ती पोटभर रडली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "झालं रे. पुरं झालं तिचं."

मग तिचा हात थांबला.

"पण तू डाव्या बाजूला, धाकटीच्या बाजूला उभा राहिलास."

"मग काय झालं?"

ताईने हात मागे घेतला. "काही नाही. आमच्यात एकदा धरलेली बाजू बदलत नाहीत, एवढंच."

आणि ती चहा टाकायला उठली.

कानसेन बरा आहे. कामावर जातो, जेवतो, थट्टाही करतो. मी दर रविवारी त्याला फोन करते. फक्त अलीकडे एक झालं आहे. मी काही विचारलं की तो लगेच उत्तर देत नाही. आधी थोडा थांबतो... पलीकडे दुसरं कुणी बोलत असावं आणि त्याचं संपायची वाट बघावी, तसा.

मग म्हणतो, "हं, बोल."

मी त्याला कधी विचारलेलं नाही, तू कुणासाठी थांबतोस म्हणून.