तारेतला जास्तीचा शब्द

बुऱ्हाणपूरच्या तारघराच्या ओसरीवर गिरधर बसायचा. पुढ्यात पाटी, मांडीशी पाण्याची वाटी, कानावर पेन्सिल. तारेला शब्दांची मर्यादा असते, वर गेलं की दर चढतो. आणि खेड्यातून तार करायला येणारं माणूस पत्राएवढं बोलतं. गिरधर ते सगळं पाटीवर उतरवून घ्यायचा. मग बोट वाटीत बुडवायचं आणि एकेक शब्द पुसत जायचं. ‘कृपया’ पहिला जायचा, त्याच्यामागोमाग ‘लवकर’. मग आशीर्वाद, मग आठवणी. उरलं ते फॉर्मवर उतरवून खिडकीतून आत, तारबाबू शालिग्रामच्या हातात. पुसलेलं काय होतं ते शालिग्रामला कधीच कळत नसे. एवढं मात्र ध्यानात ठेवा.

लोक सांगत, गिरधरनं एकदा अख्खं लग्न चार शब्दांत बसवलं होतं आणि वऱ्हाड वाजंत्र्यांसकट वेळेवर हजर झालं. एक सासू तेवढी राहिली. ती पाचव्या शब्दात होती.

तो छप्पन सालचा श्रावण-भादवा. राज्यांच्या हद्दी नव्यानं आखल्या जात होत्या. नागपूर मुंबई राज्यात जाणार, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहणार, हे आता पक्कं झालं होतं. मराठी तारांची गिऱ्हाइकं उद्या राहतील की नाही, देव जाणे. गिरधरला दुसरं काही येत नव्हतं. पण त्याचा बालमित्र विनायक नागपूरच्या कचेरीत कारकून होता. पोळ्याला तो बायकोला, सुलभाला, घेऊन गावी आला, गिरधरच्या घरी पंगतीला बसला आणि म्हणाला, “मुंबई राज्याच्या बाजूला एक जागा आहे. तुझा अर्ज मी माझ्या हातानं साहेबांपुढे ठेवतो. तू फक्त तारेची वाट बघ.”

सुलभा म्हणाली, “गिरधरभाऊ, नागपूरला आलात की भाऊबीज आमच्याकडेच.” गिरधरला सख्खी बहीण नव्हती. त्यानं तेव्हाच मान खाली घातली, डोळे दिसू नयेत म्हणून.

त्यानंतर आठवडाभरानं पहिली कुरबुर झाली.

“यार गिरधर, भुसावळवाला मला शिव्या घालतो,” शालिग्राम खिडकीतून म्हणाला. प्रत्येक तारेच्या आधी तिच्या शब्दांचा आकडा जातो, घेणारा शब्द मोजून ताळा करतो. “म्हणे आकडा कमी आणि शब्द जास्त येतात. मी काय नशा करून बसतो?”

“चहा कमी कर,” गिरधर म्हणाला. दोघे हसले.

मग फोपनारची धुरपदाबाई आली. तिचा लेक भिकन भुसावळला रेल्वेत. तिनं गिरधरकडून तार करून त्याला घरी बोलावलं होतं, आणि तो येऊनही गेला होता.

“बाबू, तू तं म्हणे शब्द कापतो. मंग ‘उन्हात पायी येऊ नको बापा’ हे कसं गेलं?”

“ते मी पुसलं होतं, काकू.”

“पुसलं तं पोरानं वाचलं कसं? तो म्हणे, माय, तारीत तुहं बोलणंच आलं.” ती खूश होती. जाताना तिनं केळीची फणी ओसरीवर ठेवली.

गिरधर हसला नाही. त्यानं पाटी उन्हात धरून पाहिली. पाटी कोरी होती, धुतलेल्या दगडासारखी. तरी त्या दिवशी त्यानं ती भिंतीला पालथी लावून ठेवली आणि लोकांना सांगू लागला, “आधी मनात कापा, मग बोला.” लोकांना वाटलं, गिरधरला ताठा चढला. एक मात्र झालं, भुसावळच्या तक्रारी थांबल्या.

सर्वपित्रीच्या आदल्या दुपारी नागपूरहून तार आली. शालिग्राम कागद घेऊन स्वतः बाहेर आला. एरवी तो खुर्चीतून हलत नसे.

“आकडा सहाचा आहे,” तो म्हणाला. “शब्द अकरा आले, मी दोनदा मोजले. तूच बघ.”

गिरधरनं वाचलं. *अर्ज नामंजूर वाईट वाटते दिलाच नाही जागा मेव्हण्याला दिली पत्र मागाहून.* खाली विनायकचं नाव.

ओसरीवर केळीच्या सालींचा गोडसर वास होता. आत यंत्र टिकटिकत होतं. गिरधरनं तो कागद पुन्हा वाचला, आणि त्याला मधले पाच शब्द वेगळे दिसू लागले. शाई तीच, अक्षर शालिग्रामचंच. पण ते कुणीतरी नागपुरात खिडकीपाशी उभं राहून लिहिले होते, क्षणभर पाहिले होते, आणि खोडले होते. हे काम गिरधरनं वर्षानुवर्षं केलं होतं. खोडणारा हात कसा थांबतो ते त्याला ठाऊक होतं.

मेव्हणा म्हणजे सुलभाचा भाऊ. खरा, सख्खा. तिच्या भाऊबिजेच्या ताटापुढे कोण बसणार, हे पोळ्याच्या पंगतीतच ठरलेलं होतं तर.

“काय रे?” शालिग्रामनं विचारलं.

“काही नाही. उलट तार करायची आहे.”

त्यानं पाटी घेतली नाही. थेट फॉर्म ओढला आणि लिहिलं, *तार मिळाली सुखी राहा गिरधर.* राग पेन्सिलीच्या टोकाशी आला. एकच शब्द होता, दोन अक्षरांचा, माणसाचा जीव मागणारा. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलंसुद्धा. गिरधरनं पेन्सिल उचलली. शब्द लिहिला नाही. फॉर्म आत दिला, आणि आपण चांगलं वागलो असं त्याला वाटलं.

यंत्र वाजलं. थांबलं. पुन्हा थोडं वाजलं.

“झालं,” शालिग्राम म्हणाला. “नागपूरवाल्यानं उलटून विचारलं, एक शब्द जास्त येतोय, बरोबर आहे का? मी म्हटलं, हो बाबा, बरोबर आहे, पोचव.”

“कुठला शब्द?”

“तो नाही विचारला मी. रोजची कटकट.”

गिरधर खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला. “थांबव. दुसरी तार कर. म्हणावं तो शब्द माझा नाही.”

“अरे, पण कुठला?”

गिरधरला तो उच्चारता येईना. मनात होता तोवर सोपा होता.

शालिग्रामनं दुसरी तार पाठवायला हात यंत्रावर ठेवला. नागपूरची लाइन लागेना. उन्हं ओसरीवरून उतरली. गिऱ्हाइकं आली, त्याच्याकडे बघून परत गेली.

लाइन लागली ती पलीकडूनच. शालिग्राम लिहू लागला, आणि लगेच थांबला.

“विनायकची आहे. एकच शब्द.” त्यानं पुन्हा मोजला. “आकडाही एकच. आज पहिल्यांदा ताळा जुळला बघ.”

कागदावर लिहिलं होतं, *बरं.*

“कशाला ‘बरं’ म्हणतोय हा?”

गिरधरनं तो कागद पालथा घातला. तेवढ्यात यंत्र पुन्हा सुरू झालं. शालिग्रामनं नवा कागद ओढला.

“पुन्हा नागपूरच,” तो म्हणाला. “पण आता पाठवणारी सुलभा आहे.”