मधली भिंत

मंदाताई खैरनारांनी गवारीच्या भाजीचा डबा भरला आणि गॅलरीत येऊन खाली पाहिलं. कुंपणाची भिंत अजून जागच्या जागी होती. समोरच्या इमारतीतून धाकटी बहीण निर्मला हात हलवत होती.

नाशिकबाहेर द्राक्षबागांच्या जागी वसाहती उठल्या, तेव्हा दोघींनी मुद्दाम शेजारशेजारच्या वसाहतींत घरं घेतली. पण प्रत्येक वसाहतीतला रस्ता आतल्या आतच संपायचा. हाकेच्या अंतरावरच्या बहिणीकडे जायला हमरस्त्यावरून पाचेक किलोमीटरचा वळसा पडे. गुडघे दुखायला लागल्यापासून भेटी सणावारापुरत्या उरल्या होत्या.

आता महापालिकेने ‘वाटजोड’ नावाची यंत्रणा आणली होती. लोक कुठून कुठे जातात, त्यांना किती वळसा पडतो, हे ती सतत तपासायची आणि भिंत फारच आडवी येत असेल तिथे तिचा एक भाग सरकवून रस्ता खुला करायची. आधी महिनाभर चाचणी, मग रहिवाशांचं मतदान. इथली चाचणी आज सुरू होणार होती.

दुपारच्या आत भिंत हलकेच सरकली. निर्मला स्वतः चालत आली.

“ताई, चपला घालायलाच काय तो वेळ लागला,” ती म्हणाली. दोघी हसल्या. मग निर्मलाने पदर डोळ्यांना लावला.

पण ही जवळची वाट इतरांनाही लवकरच कळली. सामान पोचवणाऱ्यांच्या स्कूटर भरधाव जाऊ लागल्या. नात ओवी त्याच गल्लीत सायकल शिकत होती. एक स्कूटर तिला घासून गेली, कोपर सोलवटलं.

“आई, मावशींसाठी मला वाईट वाटतं,” सून अस्मिता म्हणाली, “पण मी वाट बंद करायलाच मत देणार.”

मंदाताई रागावल्या नाहीत. ओवीच्या कोपराला मलम लावून झाल्यावर त्यांनी फोनवर वाटजोडला विचारलं, “फक्त माणसं जातील एवढंच उघडता येईल का?”

“येईल. सध्याचा हिशेब वाहनांचा आहे. पायी जाणाऱ्यांची नोंद या भागात नव्हती.”

“कशी असणार? चालायला वाट होती कुठे?”

महिन्याने झालेल्या मतदानात दोन्ही वसाहतींनी फक्त पायी जाण्यापुरत्या अरुंद वाटेला मत दिलं. अस्मितानेही.

एका संध्याकाळी ती ओवीला घेऊन निर्मलाकडे गेली आणि बऱ्याच उशिरा परतली. “आई, मावशींच्या इमारतीमागेही एक भिंत आहे,” ती म्हणाली. “इतकी वर्षं राहून पलीकडचं त्यांनाही काही माहीत नाही. तिच्या पलीकडे कोण राहतं हो?”