लाइव्ह एक नंबर

"सही करणार नाय म्हंजे नाय!" मंजुषा म्हणाली, आणि खुर्चीत बसायच्या आधीच तिनं हातातला माफीनामा विशाखा खंडारेच्या टेबलावर आपटला.

सुदर्शन दचकला. विशाखाबाईंच्या गुप्तहेरगिरीत तो मदतनीस, ड्रायव्हर आणि चहावाला असं सगळंच होता. आज त्याचं डोकं सकाळपासूनच तापलेलं. आठवड्यानं नळाला पाणी आलं, तर शेजारच्या गोजरबाईंनी मोटर लावून सगळं ओढून घेतलं. त्यात ही आदळआपट.

मंजुषा करमाडची, शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला. शनिवारी तिथं नव्या विभागाचं उद्घाटन होतं. ऐन समारंभात शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या कृष्णाचा हात त्यात अडकला. मंजुषानं खांबावरचं धोक्याचं बटण दाबलं. मशीन आपोआप थांबायला हवं होतं, पण थांबलं नाही. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडेपर्यंत पोराची दोन बोटं गेली.

"बद्रीनाथसाहेब म्हणतेत, तू बटण दाबलंच नाय, घाबरून उभी राहिलीस. तसं लिहून दे, नायतर गेट बंद. म्या दाबलं, ताई! दाबल्याबरोबर लाल दिवा लुकलुकाया लागला. निरोप पोचला की तो हिरवा व्हतो. तो हिरवा झालाच नाय."

"कृष्णाच्या घरचे काय म्हणतात?"

"त्याच्या मायला साहेबांनी सांगितलंय, मंजुषामुळं बोटं गेली. द्वारकाबाई माझ्याकडं बघत बी नाय." मंजुषाचे डोळे भरले, पण आवाज तसूभर खाली आला नाही. "नोकरी गेली तर जाऊ द्या. हा डाग नको."

"सुदर्शन, गाडी काढ," विशाखा म्हणाली.

कारखान्यात पहिला भेटला तो नेटवर्क सांभाळणारा अभय.

"आवारात आमचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क आहे," तो म्हणाला. "मशिनं, कॅमेरे, पाहुण्यांचे फोन, सगळ्यांना मिळून एकच रस्ता. गर्दी झाली की आधी कोण जाणार ते नंबरानं ठरतं. धोक्याची बटणं एकवर. व्हिडिओ-बिडिओ नऊवर, सगळ्यात मागं."

"एकवर दुसरं कुणी बसू शकतं?"

"एका नंबरावर एकच. दुसऱ्याला बसवायचं तर पहिल्याला उठवावं लागतं. तेही कंट्रोल रूममध्ये बसूनच. पासवर्ड माझ्याकडं आणि साहेबांकडं. पण शनिवारी मी पिशोरला होतो, बहिणीचा साखरपुडा होता. सोमवारी येऊन बटण तपासलं, तर क्षणात हिरवं."

सुदर्शनला हा चुरुचुरु बोलणारा माणूस अजिबात आवडला नाही. बरा सापडला साखरपुडा, असं त्याच्या मनात आलं.

व्यवस्थापक बद्रीनाथ मात्र अगदी मोकळा वाटला. त्यानं चहा मागवला.

"नेटवर्क तुंबलं होतं हे खरं. माझा साधा फोटो जाईना. पण त्या नंबरातलं मला काय कळतंय? मी जुना माणूस." मग त्याची कळी खुलली. "कार्यक्रम मात्र झकास झाला. मालक दुबईतून बघत होते. हारतुरे सुरू झाल्यापासून लाइव्ह एकदाही अडकलं नाही!"

शेवटी श्रेया. समारंभाचं लाइव्ह प्रक्षेपण तिनंच केलं होतं.

"आधी सारखं अडकत होतं," ती म्हणाली. "अभयसरांना फोन लावला, तर मागं सनई-चौघडा वाजत होता. साहेब चिडले. मालकांपुढं नाक कापू नको म्हणाले आणि कंट्रोल रूममध्ये शिरले. बाहेर येऊन दारातूनच ओरडले, 'घे, लाइव्ह एक नंबर!' स्क्रीन माझ्याकडं, त्यांना दिसतही नव्हता. पण खरंच, तेव्हापासून झक्कास चाललं."

"रेकॉर्डिंग आहे?"

"सगळं आहे."

विशाखा हसली. "सुदर्शन, गोजरबाईंनी मोटर लावली तेव्हा तुझ्या नळाला काय आलं?"

"काय येणार? हवा!"

"झालं तर मग."

काय झालं, ते सुदर्शनला काही उमगलं नाही.

दुपारच्या सुट्टीत विशाखानं सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. द्वारकाबाईही आल्या आणि मंजुषाकडं पाठ करून बसल्या. भिंतीवरच्या पडद्यावर श्रेयानं रेकॉर्डिंग लावलं.

"बद्रीनाथसाहेब," विशाखा म्हणाली, "तुंबलेल्या नेटवर्कवर तुमचा एक फोटो जात नव्हता, आणि एवढा जड व्हिडिओ सुरळीत दुबईला गेला. सामाईक नळाला मोटर लावल्याशिवाय असं होत नाही. पासवर्ड दोघांकडं. अभय पिशोरला होता, सनई श्रेयानं ऐकलीय. राहिलात तुम्ही. 'एक नंबर' म्हणालात ते सगळ्यांना कौतुक वाटलं. पण स्क्रीन न बघता कौतुक कसलं? तुम्ही नंबरच सांगत होता. लाइव्ह नऊवरून एकवर आणलंत, आणि एकवरच्या बटणांना उठवून नऊवर धाडलंत."

"हा नुसता तर्क आहे!" बद्रीनाथ ओरडला.

"पडदा बघा."

पडद्यावर पाहुण्यांच्या गळ्यात हार पडत होता. त्यांच्या खांद्यामागं खांबावर एक लाल ठिपका लुकलुकत होता. चित्र एकदाही अडकलं नाही. ठिपका हिरवा झाला नाही.

"मंजुषानं बटण दाबलं होतं. तिचा निरोप रांगेच्या शेवटी उभा होता, कारण पुढं तुमचा हारतुरा चालला होता. सोमवारी बटण चाललं, म्हणजे मधल्या काळात तुम्ही नंबर परत जागेवर नेलेत. चूक तुम्हाला कळली होती. तरीही माफीनामा हिच्यापुढं सरकवलात."

सुदर्शनच्या अंगाची लाहीलाही झाली. आणि आपण उगाच अभयवर संशय घेतला याची लाजही वाटली.

बद्रीनाथचा आवाज एकदम मऊ झाला. "मंजुषा, आपण घरातल्या घरात मिटवू. तुझी नोकरी पक्की. पगारही वाढवतो."

"पोराची बोटं कशी वाढवता, ते आधी सांगा."

मंजुषा उठली. तिनं घडी उलगडून माफीनामा त्याच्यापुढं ठेवला आणि त्यावर स्वतःचा पेन ठेवला.

"माझं नाव खोडा, तुमचं लिहा. मंग मोठ्यानं वाचा. द्वारकामावशी पाठमोऱ्या बसल्यात, त्यांना ऐकू गेलं पायजे."

द्वारकाबाईंनी आपली खुर्ची मंजुषाकडं वळवली.

बद्रीनाथनं पेन उचलला.