तीन विमानांची मालकीण

मंगळवारी सकाळी साडेसातला पोलिसांनी एउदोसिया पित्तीला तिच्याच खानावळीतून उचललं. हातही धुऊ दिले नाहीत. आरोप असा, की दोन आठवड्यांपूर्वी ग्वातेमालाच्या दलदलीत जळालेलं जे चोरट्या मालाचं विमान सापडलं, त्याची मालकीण ही बाई. एउदोसियानं उभ्या जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता.

आठ वाजता तिची मुलगी इत्सेल शेजारच्या दिदिमो आराऊसच्या दारात उभी होती. गुरुवारी आईला न्यायाधीशांपुढे नेणार, त्याआधी काही सापडलं नाही तर ती वर्षानुवर्षं आत जाईल, असं तिनं रडत रडत सांगितलं. "म्हाताऱ्या बाराओना वकिलाचंच काम हे, दिदिमो काका. मेला तरी छळतोय. तुम्ही तेवढं शोधून द्या."

दिदिमोनं पनामाच्या सार्वजनिक नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं कंपन्यांचे कागद तपासले होते. ऑक्टोबरात त्याची बायको ओफेलिना गेली आणि त्याला काही वाटेनासंच झालं. सांत्वनाला आलेल्यांना हाच कॉफी करून देत बसला. नोव्हेंबरात इत्सेलनं आईचं घर रंगवून घेतलं. तीस वर्षांचं पिवळं घर हिरवंगार झालं, सगळी गल्ली बघायला जमली आणि यानं खिडकीतून एकदा पाहून पडदा ओढून घेतला. आता इत्सेल समोर रडत होती तरी त्याच्या आत काही हललं नाही. पण एउदोसिया पाच महिने रोज त्याला हाक मारून जेवायला बसवत आली होती, एवढं त्याला समजत होतं. त्यानं चष्मा पुसला आणि संगणक लावला.

नोंदणीचे कागद कुणालाही पाहता येतात. बघत कुणी नाही, ही गोष्ट वेगळी. एउदोसियाचं नाव टाकल्यावर ती दोनशे बारा कंपन्यांची अध्यक्षा निघाली. दिदिमोला त्याचं नवल वाटलं नाही. पनामात वकिलांच्या झाडूवाल्या आणि ड्रायव्हर असे रोज अध्यक्ष होतात.

त्यानं चाळणी लावली. दोनशे बारांपैकी गेल्या वर्षभरात हालचाल फक्त तीन कंपन्यांत होती. विमानांची सरकारी नोंदवहीही सगळ्यांना खुली असते. तीत या तिघींच्या नावावर एकेक जुनं विमान होतं, बाकी शून्य. तिन्हींकडे एकच तऱ्हा होती. अध्यक्षेच्या सहीचा ठराव करून कुणा परदेशी वैमानिकाला मुखत्यारपत्र द्यायचं आणि काही आठवड्यांनी ते रद्द करायचं. रद्द झालं की त्या विमानाचा पुढे ठावठिकाणा नाही.

जळालेल्या विमानाचं मुखत्यारपत्र रद्द केल्याचा कागद नोंदणीच्या खिडकीवर आला होता शुक्रवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी. ग्वातेमालाच्या सैनिकांना विमान दिसलं ते रविवारी. दिदिमोनं ती वेळ दोनदा वाचली. मग तिन्ही ठराव छापून घेतले आणि बस पकडून तुरुंगात गेला.

"शेजारी, इत्सेलला सांगा, खानावळ बंद ठेवू नको," एउदोसिया जाळीपलीकडून म्हणाली. "तुरीचे दाणे भिजत घातलेत, वाया जातील."

"या ठरावांवर सही तुझी आहे?"

"माझीच. पण हे टाईप केलेलं मी आज बघतेय."

"म्हणजे कोऱ्या कागदावर केलीस."

"त्याचं ऑफिस झाडायचे तेव्हा दर नाताळाला करायचे. म्हातारा बाराओना एक हॅम द्यायचा आणि कागदांचा गठ्ठा. खाली सही कर म्हणायचा."

"वाचायचं तरी."

"कोऱ्यात काय वाचायचं, शेजारी?"

बाराओना दोन वर्षांपूर्वी वारला होता. उरलेले कोरे कागद कुठे गेले, असं दिदिमोनं विचारलं. ऑफिस आवरलं तेव्हा सामानाचे ढीग पडले होते, ती म्हणाली. आवरायला जुन्या सेक्रेटरी तुन्योनबाई होत्या आणि टायपिंगला होती म्हणून इत्सेलही होती. जुन्या फायली वकिलाच्या मुलानं नेल्या. तुन्योनबाई त्याच महिन्यात लेकीकडे बोकेतेच्या डोंगरात राहायला गेल्या, त्या पुन्हा शहरात फिरकल्या नाहीत.

दुपारी दिदिमो वकिलाच्या मुलासमोर बसला. तिन्ही कागदांवर शिक्का याचाच होता. त्यानं सरळ हात झटकले.

"रोज चाळीस कागद येतात माझ्याकडे. शिक्का मारायचा, फी घ्यायची. कोण आणून देतं ते कशाला बघू?"

"एउदोसिया पित्तीला ओळखता?"

"तोंडही पाहिलेलं नाही."

"राहते कुठे ती?"

पोरगा वैतागला. त्यानं वडिलांची फाईल काढून धूळ फुंकली आणि वाचून दाखवलं, "रिओ आबाहो वस्ती, चिन्याच्या दुकानापुढे दुसरं, पिवळं घर. झालं?"

पनामात घराला नंबर क्वचितच, पत्त्यात रंगच लिहितात. दिदिमोच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली. बाहेर पायरीवर बसून त्यानं तिन्ही ठरावांतला पत्ता वाचला.

बुधवारी सकाळी तो पुन्हा तुरुंगात गेला, दुपारी खानावळीत. गिऱ्हाईक नव्हतं. इत्सेल टेबलं पुसत होती.

"सापडलं का, काका? बाराओनाच ना?"

"बस."

ती बसली. त्यानं तीन कागद तिच्यापुढे मांडले आणि नोंदणीत बोलायचा तशाच सपाट आवाजात बोलू लागला.

"कागदी कंपनी जुनं विमान घेते. वैमानिकाला मुखत्यारपत्र मिळतं. विमान खोटा मार्ग सांगून माल नेतं आणि पोचलं की जाळून टाकतात. मग मुखत्यारपत्र रद्द होतं, म्हणजे शोधणाऱ्याच्या हाती अध्यक्षच लागावा. शेवटचा रद्दचा कागद शुक्रवारी आला. विमान सापडलं रविवारी. ते परत येणार नाही हे ज्याला आधीच ठाऊक होतं, त्यानंच तो लिहिला."

"ते वकिलाच्या पोराला ठाऊक असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं. पत्ता वाच. पहिला ठराव गेल्या ऑगस्टचा. चिन्याच्या दुकानापुढे दुसरं, पिवळं घर. दुसरा जानेवारीचा, तिसरा फेब्रुवारीचा. दोन्हींत हिरवं घर. वकिलाच्या फायलीत ते आजही पिवळंच आहे, तो तसंच उतरवून काढील. तुन्योनबाई रंग द्यायच्या आधीच गेल्या. ज्याच्या हाती कोरे कागद होते आणि जो रोज या घरात शिरतो, असं माणूस एकच उरतं. रोज दिसतं तेच तू टाईप केलंस."

इत्सेलनं हातातल्या फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"कोलोन बंदरातला एक माणूस आला होता," ती म्हणाली. "म्हणाला, नुसता कागद आहे, दर कागदाला पैसे देईन. आईला चुलीपुढून उठवायचं होतं मला, काका. आणि ती अध्यक्षा होतीच की आधीपासून. असल्या बायकांना कुणी पकडत नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"मेलेल्या माणसाचं नाव निघेल आणि आई सुटेल, असं वाटलं." तिनं मान वर केली. "तुम्ही गप्प राहिलात तरी चालेल. वय झालंय तिचं. घरीच नजरकैदेत ठेवतील."

"सकाळी मी तिला सगळं सांगितलं," दिदिमो म्हणाला. "ती म्हणाली, शेजारी, असं लिहा, की एउदोसियाला सगळं माहीत होतं, ठराव तिनंच केले."

इत्सेलचं तोंड वाकडं झालं, पण रडू फुटलं नाही. कागद कोण देऊन गेलं हे नोंदणीच्या खिडकीवर अजून कुणी विचारलेलं नाही, असं दिदिमोनं तिला सांगितलं. सरकारी वकिलाचं ऑफिस चारला बंद होतं, ती स्वतः आली तर तो सोबत येईल. साडेतीनपर्यंत तो समोर बसून राहिला. ती जागची हलली नाही. मग तो कागद गोळा करून एकटाच गेला.

गुरुवारी सकाळी पोलिसांनी इत्सेलला आत घेतलं. तिनं कोलोनच्या माणसाचं नाव सांगितलं, तो आधीच पसार झाला होता. दुपारी एउदोसियाला सोडलं. दिदिमो फाटकाशी उभा होता. ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर थांबली.

"मी सांगितलं तसं लिहिलंत?"

"नाही."

"एवढं एकच मागितलं होतं तुमच्याकडे."

"ते खोटं होतं, एउदोसिया."

"खोटं माझं होतं ते. तुमचं काय जात होतं?"

उत्तराला ती थांबली नाही. रस्ता ओलांडून बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून. दिदिमोच्या छातीत कळ उठली. आधी त्याला वाटलं, दुखणंच आहे काहीतरी. मग ओफेलिना गेली, हे त्याला पाच महिन्यांत पहिल्यांदा कळलं आणि तो तुरुंगाच्या भिंतीला धरून रडू लागला. बस आली, एउदोसिया चढली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.